बेडूकउड्या आणि ऊर्जेचा हिशोब: हॅमिल्टनियन मॉन्टे कार्लो स्वतः लिहिताना

समजा, तुमच्याकडे तीसेक गुणांकांचं लॉजिस्टिक रिग्रेशन आहे, म्हणजे ‘हो की नाही’ याची संभाव्यता सांगणारं मॉडेल. प्रत्येक गुणांकाची एकच ‘सर्वोत्तम’ किंमत नको आहे. हातातल्या डेटाला धरून कोणत्या किमती किती संभवतात, ते पाहायचं आहे. म्हणजे तीस मितींमधल्या एका वितरणातून नमुने काढायचे. वितरणाचं सूत्र हाती असतं, पण एकूण संभाव्यता एक व्हायला ज्या स्थिरांकाने भागावं लागतं, तो काढणं अशक्य असतं.

१९५३ची मेट्रोपोलिस पद्धत या स्थिरांकाशिवाय काम भागवते. आहात तिथून कुठेतरी जवळ एक उडी मारा. नवी जागा जास्त संभाव्य असेल तर जा, कमी असेल तर किती कमी आहे त्या प्रमाणात नशिबावर सोडा. पद्धत बरोबर आहे, चाल मात्र झिंगलेल्या माणसाची. शंभर पावलं टाकली तरी माणूस सरासरी दहाच पावलं लांब पोचतो.

१९८७मध्ये ड्युएन, केनेडी, पेंडल्टन आणि रोवेथ या चार भौतिकशास्त्रज्ञांनी क्वार्कांच्या लॅटिस गणितासाठी, म्हणजे अवकाश-काळ जाळीच्या बिंदूंवर मांडून केलेल्या आकडेमोडीसाठी, यावर तोड काढली: उडीची दिशा नशिबावर न सोडता ती गतीच्या नियमांनी ठरवायची. त्यांनी नाव दिलं हायब्रिड मॉन्टे कार्लो. नव्वदच्या दशकात टोरोंटोच्या रॅडफर्ड नील यांनी ती न्यूरल नेटवर्कसाठी वापरली, आणि आता एचएमसी या लघुरूपातला एच ‘हॅमिल्टनियन’चा समजला जातो.

स्टॅन, पायएमसी, नमपायरो या सॉफ्टवेअरांत हे सगळं तयार मिळतं आणि खऱ्या कामाला तेच वापरावं. तरी एकदा पायथनमध्ये पन्नास-साठ ओळींत स्वतः लिहून पाहा. तयार साधन जेव्हा लाल अक्षरांत तक्रार करतं, तेव्हा ते कशाबद्दल बोलतंय हे त्याशिवाय कळत नाही. नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) आणि बारावीचं कलनशास्त्र एवढी तयारी पुरते.

कढई, गोटी आणि टिचकी

संभाव्यता घनतेचा लॉग घ्या आणि चिन्ह उलटं करा. जिथे संभाव्यता जास्त तिथे खळगा, जिथे कमी तिथे चढ. एका चांगल्या नॉर्मल वितरणाची अशी छान कढई होते. या उंचीला स्थितिज ऊर्जा म्हणायचं. कढईत एक गोटी ठेवा, तिला कुठल्याही दिशेने टिचकी मारा, थोडा वेळ घरंगळू द्या, थांबवा, जागा लिहून घ्या. पुन्हा नवी टिचकी. घर्षण नाही, त्यामुळे गोटी तळाशी जाऊन बसत नाही. ती खाली येताना वेग घेते आणि त्याच वेगाने पलीकडे चढते. एका टिचकीत ती कढईच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊ शकते. सगळा फायदा इथे आहे.

टिचकी म्हणजे संवेग. प्रत्येक मितीसाठी प्रमाण नॉर्मल वितरणातून एक आकडा. गतिज ऊर्जा म्हणजे या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचा निम्मा. दोन्ही ऊर्जांची बेरीज ती एकूण ऊर्जा, हिलाच हॅमिल्टनियन म्हणतात. पुढचा सगळा लेख याच एका आकड्यावर नजर ठेवण्याबद्दल आहे.

पायरी १: ऊर्जा आणि तिचा ग्रेडियंट

दोन फंक्शन लिहा. पहिलं स्थान घेऊन ऊर्जा देतं, दुसरं त्याच स्थानी ऊर्जेचा ग्रेडियंट, म्हणजे प्रत्येक मितीतला चढ. बहुतेकांची चूक इथेच होते आणि सापडते तीन दिवसांनी. म्हणून पुढे जाण्याआधी पडताळा घ्या: एका वेळी एकच घटक ०.००००१ने पुढे आणि तेवढाच मागे सरकवा, ऊर्जेतल्या फरकाला ०.००००२ने भागा आणि ग्रेडियंटशी जुळवा. पाच-सहा अंक जुळले पाहिजेत. पडताळा शून्य या स्थानी घेऊ नका. तिथे अर्धी पदं आपोआप नाहीशी होतात आणि चूक झाकली जाते. यादृच्छिक स्थान घ्या.

लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये ‘एक अधिक ई-चा घात’ याचा लॉग येतो. तो जसाच्या तसा लिहिलात तर घातांक ७१०ला पोचला की संगणक ‘अनंत’ म्हणतो. नमपायचं लॉगअ‍ॅडएक्स्प वापरा, पहिली किंमत शून्य द्या.

एखादं चल धनच असायला हवं असेल, उदाहरणार्थ प्रमाण विचलन, तर गोटी शून्याच्या पलीकडे जाते आणि गणित कोसळतं. अशा चलाऐवजी त्याचा लॉग घेऊन चाला. मात्र चल बदललं की घनताही बदलते: लॉग-घनतेत तो लॉग स्वतः एकदा मिळवावा लागतो, म्हणजे ऊर्जेतून तो वजा होतो आणि ग्रेडियंटच्या त्या घटकातून १ वजा होतो. हे पद विसरलात तर प्रोग्रॅम कुरकुर न करता चालतो आणि वेगळ्याच वितरणाचे नमुने देतो. ग्रेडियंटच्या पडताळ्यातही हे सापडत नाही, कारण ऊर्जा आणि ग्रेडियंट दोन्ही एकमेकांशी सुसंगतपणे चुकलेले असतात.

पायरी २: बेडूकउडी

गोटीची वाट संगणकावर छोट्या पावलांनीच काढावी लागते. सगळ्यात साधी रीत ऑयलरची: आत्ताच्या संवेगाने स्थान सरकवा, आत्ताच्या ग्रेडियंटने संवेग बदला. ती इथे चालत नाही. का, ते आकड्यांत पाहू. एक मिती, प्रमाण नॉर्मल वितरण. ऊर्जा म्हणजे स्थानाच्या वर्गाचा निम्मा आणि ग्रेडियंट म्हणजे स्थानच. स्थान १, संवेग ०.५, पाऊल ०.२. सुरुवातीची एकूण ऊर्जा ०.५ + ०.१२५ = ०.६२५.

ऑयलरच्या एका पावलानंतर स्थान १.१, संवेग ०.३, ऊर्जा ०.६५. प्रत्येक पावलाला ऊर्जा १.०४ पट होते, चुकून नव्हे, दर वेळी. एक पूर्ण फेरी व्हायला एकतीस पावलं लागतात. तेवढ्यात ऊर्जा जवळपास ३.४ पट होते. गोटी कढईबाहेर निघाली.

बेडूकउडीत, म्हणजे लीपफ्रॉगमध्ये, संवेगाचं पाऊल दोन अर्ध्यांत तोडतात:

संवेग = संवेग − (पाऊल ÷ २) × ग्रेडियंट(स्थान)
स्थान = स्थान + पाऊल × संवेग
संवेग = संवेग − (पाऊल ÷ २) × ग्रेडियंट(स्थान)

लक्ष द्या: तिसऱ्या ओळीतला ग्रेडियंट नव्या स्थानाचा आहे. तेच आकडे घालून पाहा. संवेग ०.५ − ०.१ = ०.४. स्थान १ + ०.०८ = १.०८. संवेग ०.४ − ०.१०८ = ०.२९२. ऊर्जा ०.५८३२ + ०.०४२६३२ = ०.६२५८३२. चूक ०.०००८३, आणि खरी गंमत पुढे आहे. हजार पावलं चाला, लाख चाला, या उदाहरणात ऊर्जा ०.६२० आणि ०.६२६३ यांच्या बाहेर जात नाही. बेडूकउडी खऱ्या ऊर्जेऐवजी तिच्या एका सख्ख्या शेजारणीला तंतोतंत जपते: संवेगाच्या वर्गाचा निम्मा, अधिक स्थानाच्या वर्गाचा निम्मा गुणिले (१ − पावलाचा वर्ग ÷ ४). वरचे दोन्ही क्षण त्यात घालून बघा, दोन्ही वेळा ०.६२ येतं.

याच सूत्रात धोक्याची खूणही आहे. पाऊल २ला पोचलं की कंस शून्य होतो आणि कढईच उरत नाही. प्रमाण विचलन एक नसून दुसरं काही असेल तर ही मर्यादा प्रमाण विचलनाच्या दुप्पट. हा आकडा पाठच करून ठेवा.

कुणी म्हणेल, मग पावलं टाकण्याची जास्त अचूक रीत, चौथ्या घाताची रुंगे-कुट्टा, का नको? कारण इथे अचूकता दुय्यम आहे. दोन गुण हवेत: संवेग उलटा केला की आलेल्या वाटेनेच परत जाता यावं, आणि वाटेत जागेचं घनफळ आकसू किंवा फुगू नये. बेडूकउडीच्या तिन्ही ओळी जागेला फक्त तिरकं सरकवतात, त्यामुळे दोन्ही गुण आपसूक मिळतात. नेहमीच्या रुंगे-कुट्टात दोन्ही नाहीत, आणि त्याशिवाय पुढची पायरी खोटी पडते.

पायरी ३: स्वीकार की नकार

एका टिचकीत अशी काही पावलं चालून झाली की शेवटची एकूण ऊर्जा वजा सुरुवातीची ऊर्जा काढा. फरक ऋण असेल तर नवी जागा घ्या. धन असेल तर ‘ई-चा उणे फरक’ इतक्या संभाव्यतेने घ्या. वरच्या उदाहरणात ही संभाव्यता ०.९९९ भरते. नकार आला तर जुनी जागाच पुन्हा एकदा नमुना म्हणून लिहायची. ही दुसरी नोंद गाळली की वितरणाचं शेपूट चुकतं, आणि नवखे ती हमखास गाळतात.

दोन बारीक खाचा. नमपायमध्ये ‘+=’ वापरून स्थान बदललंत तर जुनं स्थानही त्याच्याबरोबर बदलतं, कारण दोन्ही नावं एकाच अ‍ॅरेची असतात. मग नकार आला तरी गोटी पुढेच गेलेली असते. सुरुवातीलाच प्रत घ्या. दुसरी खाच ‘नॅन’ची, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ या खुणेची. ऊर्जा नॅन आली की तिच्याशी केलेली प्रत्येक तुलना ‘असत्य’ ठरते. अट ‘स्वीकारायचं असेल तर’ अशी लिहा. नॅन आपोआप नाकारलं जाईल. ‘नाकारायचं असेल तर’ अशी लिहिलीत तर तेच नॅन गुपचूप स्वीकारलं जातं आणि साखळी, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या नमुन्यांची मालिका, तिथून पुढे मेलेली.

पायरी ४: उत्तर माहीत असलेल्या गणितावर चाचणी

खऱ्या डेटाला हात लावण्याआधी दहा मितींचं प्रमाण नॉर्मल वितरण घ्या. पाऊल ०.२, एका टिचकीत ८ पावलं, ५,००० टिचक्या. प्रत्येक घटकाची सरासरी शून्याजवळ, प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) एकाजवळ, आणि केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी दहाजवळ यायला हवी.

त्याहून कडक तपासण्या अशा. ८ पावलं चाला, संवेगाचं चिन्ह उलटं करा, पुन्हा ८ चाला: सुरुवातीच्या जागी दहा-बारा दशांश स्थळांपर्यंत परत यायला हवं. नाही आलात तर अर्ध्या पावलांत गडबड आहे. मग पाऊल निम्मं आणि पावलांची संख्या दुप्पट करा: ऊर्जेतली चूक साधारण चौथाई व्हायला हवी. निम्मीच झाली तर कुठेतरी ऑयलर शिरला आहे. बहुधा तिसऱ्या ओळीत जुनाच ग्रेडियंट वापरला गेला.

तिसरी तपासणी लॅटिसवाल्यांची लाडकी. साखळी स्थिरावल्यावर प्रत्येक टिचकीतला ‘ई-चा उणे ऊर्जाफरक’ साठवा, नाकारलेल्या टिचक्यांचाही. त्याची सरासरी १ येते, पाऊल कितीही असो. ०.८वर किंवा १.३वर ठाण मांडून बसली, तर कोड चुकलेलं आहे. आलेखांकडे तासभर पाहण्यापेक्षा हा एक आकडा जास्त सांगतो.

पायरी ५: पाऊल किती, पावलं किती

याच दहा मितींच्या गणितात पाऊल ०.२ ठेवलं की ९८-९९ टक्के टिचक्या स्वीकारल्या जातात. हे कौतुकाचं लक्षण नाही. पाऊल १ करा आणि फक्त २ पावलं चाला: स्वीकृती सुमारे ६९ टक्क्यांवर येते, पण ग्रेडियंटचा खर्च चौथाई. पाऊल २.१ करून ८ पावलं चालाल तर स्वीकृती जवळपास शून्य. मधे स्वीकृती घसरत जाते, आणि २पाशी तर कडाच आहे.

सिद्धांताने मोठ्या मितींसाठी काढलेली इष्ट स्वीकृती ०.६५१ आहे, झिंगलेल्या चालीच्या मेट्रोपोलिससाठी हाच आकडा ०.२३४. प्रत्यक्षात ०.८च्या आसपास राहणं शहाणपणाचं, कारण जास्त लहान पावलाचा भुर्दंड थोडाच असतो, जास्त मोठ्या पावलाचा फार. मिती वाढल्या की प्रत्येक मितीची चूक एकूण ऊर्जेत भर घालते, म्हणून पाऊल कमी करावं लागतं, पण सावकाश: मिती १६ पट झाल्या तर पाऊल निम्मं.

पावलांची संख्या हा वेगळा प्रश्न. महत्त्वाचं असतं ते पाऊल गुणिले संख्या, म्हणजे एकूण किती वेळ गोटी सोडली. प्रमाण नॉर्मलसाठी १.५७, म्हणजे पायचा निम्मा, हा काळ छान: गोटी पाव फेरी मारते आणि जुन्या जागेचा मागमूस राहत नाही. ३.१४ ठेवलात तर ती बरोबर समोरच्या बिंदूवर जाते, ६.२८ला निघाली तिथेच परत. स्वीकृती शंभर टक्के दिसते आणि नमुना तोच तो. खऱ्या गणितात हा काळ आधी माहीत नसतो, म्हणून प्रत्येक टिचकीला पाऊल किंवा संख्या यादृच्छिकपणे वीसेक टक्के मागेपुढे करा. सापळ्यात अडकणं टळतं.

पाऊल जुळवणं फक्त सुरुवातीच्या सरावाच्या टप्प्यात करा आणि मग गोठवा. मागच्या नमुन्यांकडे बघून पाऊल सतत बदलत राहिलात तर वितरणाची हमी जाते. सरावातले नमुने टाकून द्यायचे.

लांबट कढई

दोन चलांची प्रमाण विचलनं १ आणि ०.०१ आहेत असं धरा. पाऊल ०.०२च्या आत हवं, समजा ०.०१. लांब दिशेला पाव फेरी मारायला १.५७ काळ हवा. म्हणजे १५७ पावलं, प्रत्येक टिचकीला. दोन्ही चलांना आपापल्या प्रमाण विचलनाने भागलं असतं तर आठ-दहा पुरली असती. म्हणून डेटाचे स्तंभ आधी प्रमाणित करा. याहून स्वस्त उपाय या सगळ्या विषयात नाही, आणि तरी लोक वार्षिक उत्पन्न रुपयांत आणि वय वर्षांत ठेवून पद्धतीला नावं ठेवतात.

हेच काम वस्तुमान सारणी करते, म्हणजे गोटीला प्रत्येक दिशेने वेगळं वजन देणारी सारणी. सरावातल्या नमुन्यांवरून सहप्रचरण (चलं एकमेकांबरोबर किती बदलतात त्याची सारणी) काढा आणि त्याची व्यस्त सारणी वस्तुमान म्हणून वापरा. हे तीन ठिकाणी बदलावं लागतं: संवेग काढताना, गतिज ऊर्जेत, आणि स्थान सरकवण्याच्या ओळीत. एक जरी विसरलात तरी चौथ्या पायरीतली ‘सरासरी १’ची तपासणी सहसा बोंब मारते.

फक्त कर्णावरची सारणी घेतली तर सहसंबंधावर उपाय होत नाही. दोन प्रमाणित चलांत सहसंबंध ०.९५ असेल तर कढईची अरुंद बाजू ०.२२ आणि लांब बाजू १.४ इतकी असते, म्हणजे पावलाची मर्यादा ०.४५. तिथे पूर्ण सारणी लागते किंवा चलंच नव्याने मांडावी लागतात. मिती काही हजार असतील तर पूर्ण सारणी परवडत नाही.

नरसाळं

वरच्या सगळ्या कढयांचा बाक जागा बदलली तरी तोच राहत होता. काही वितरणांत एका टोकाला रुंद तोंड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती मान असते. नील यांचं प्रसिद्ध उदाहरण: एक चल शून्य सरासरीचं आणि ३ प्रमाण विचलनाचं, इतर नऊ चलांचं प्रमाण विचलन ‘ई-चा त्या चलाचा निम्मा’. पहिलं चल ६ असताना इतर चलं २०च्या पसाऱ्यात फिरतात, −६ असताना ०.०५च्या. चारशे पट फरक. मानेत पाऊल ०.१च्या आत हवं, तोंडाशी तेच पाऊल म्हणजे मुंगीची चाल. वस्तुमान सारणी एकच असते, ती दोन्हीकडे पुरी पडत नाही.

गोटी मानेत शिरली की ऊर्जेचा स्फोट होतो, फरक एकदम हजारांत जातो. हेच डायव्हर्जन्स, स्टॅन ऊर्जेतली चूक १,०००च्या वर गेली की तशी नोंद करतो. त्या टिचक्या नाकारल्या जातात, साखळी तोंडाशीच फिरत राहते आणि आलेख स्वच्छ, देखणे दिसतात. मान कधी पाहिलीच नाही हे कुठेच उमटत नाही. म्हणून ‘चार हजारांत दहाच डायव्हर्जन्स, सोडून द्या’ हा सल्ला मानू नका. ती कोणत्या जागांवर झाली, त्याचा ठिपक्यांचा आलेख काढा. बहुतेकदा सगळे ठिपके एका कोपऱ्यात गोळा झालेले दिसतात.

ही आकृती पदानुक्रमी मॉडेलांत रोज भेटते: शाळानिहाय सरासऱ्या आणि त्यांच्यातला फरक मोजणारं एक प्रमाण विचलन, दोन्ही एकदम शोधायची असली की. पाऊल लहान करून थोडं भागतं. खरा उपाय मांडणी बदलण्याचा: सरासरीऐवजी एक प्रमाण नॉर्मल चल घ्या आणि त्याला त्या प्रमाण विचलनाने गुणून सरासरी बनवा. आता गोटी ज्या जागेत फिरते तिथे नरसाळं नसतं. प्रत्येक शाळेचा डेटा मुबलक असेल तर मात्र जुनीच मांडणी बरी पडते, म्हणून दोन्ही करून पाहा.

खऱ्या कामाकडे जाताना

किमान चार साखळ्या वेगवेगळ्या, लांब लांबच्या जागांवरून सुरू करा. आर-हॅट (साखळ्या एकमेकींशी किती जुळतात त्याचं माप) १.०१च्या आत आणि परिणामकारक नमुनासंख्या, म्हणजे हे नमुने किती स्वतंत्र नमुन्यांच्या तोडीचे तो आकडा, चारशेच्या वर, ही सध्याची रीत. एकाच साखळीवरून काहीही ठरवू नका. दोन खळगे असलेल्या वितरणात ती एका खळग्यात सुखाने राहते. टिचकीला उंच डोंगर ओलांडता येत नाही, एचएमसीची ही मर्यादा आहेच.

डेटा मोठा आहे म्हणून ग्रेडियंट प्रत्येक पावलाला एका छोट्या तुकड्यावरून काढण्याचा मोह होतो. तसं करू नका. तो गोंधळ दर पावलाला ऊर्जेत भर घालतो आणि कढई ऑयलरसारखीच गळते. घर्षण घालून ती भर शोषून घेणाऱ्या पद्धती २०१४पासून आहेत, पण त्यांत सहसा तिसरी पायरी नसते, म्हणजे चूक मोजायला ऊर्जेचा फरकही नसतो. एचएमसीसाठी पूर्ण डेटाचाच ग्रेडियंट.

मग स्टॅनकडे वळा. त्यातली नट्स ही पद्धत, हॉफमन आणि गेलमन यांची, गोटी मागे वळायला लागली की वाट स्वतः थांबवते, त्यामुळे पावलांची संख्या ठरवावी लागत नाही. मूळ सेटिंग्ज अशा: इष्ट स्वीकृती ०.८, एक हजार सराव, एक हजार नमुने, वाट दुप्पट करण्याची मर्यादा १०, म्हणजे एका टिचकीला जास्तीत जास्त १,०२३ पावलं. डायव्हर्जन्स दिसली तर इष्ट स्वीकृती ०.९५, मग ०.९९ करून पाहा. तरी राहिली तर मांडणी बदला. दर टिचकी १,०२३ला धडकत असेल तर मर्यादा वाढवण्याआधी चलांची मापं तपासा, कुठेतरी रुपये आणि वर्षं एकत्र नांदत असतील.